टचस्क्रीन ‘गेली’ म्हणण्याआधी

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत २.४ वा २.८ इंची रंगीत टचस्क्रीन सहज मिळते. अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि हौशी मंडळी ती आर्डुइनो उनो किंवा ईएसपी-३२ बोर्डाला जोडतात, लायब्ररीतलं उदाहरण चढवतात आणि पुष्कळदा समोर येतो तो कोरा पांढरा चौकोन. मग स्क्रीन खोक्यात जाते आणि नवी मागवली जाते. यातल्या कितीतरी स्क्रीन धडधाकट असतात. चूक असते ती एखाद्या तारेत, सेटिंगच्या एखाद्या ओळीत किंवा समजुतीत.

सगळ्यात प्रचलित मॉड्यूल घेऊ: २४० × ३२० बिंदूंचा पडदा, तो चालवणारी आयएलआय-९३४१ चिप आणि स्पर्श ओळखणारी एक्सपीटी-२०४६ चिप. एकाच पाटीवर बसवलेली असली तरी इथे तीन स्वतंत्र उपकरणं आहेत: चित्र काढणारा एलसीडी, त्यामागचा बॅकलाइट आणि वरचं स्पर्शपटल. बहुतेक मॉड्यूलवर चौथी एसडी कार्डाची खाचही असते. प्रत्येकाच्या पिना वेगळ्या आणि बिघडण्याची तऱ्हाही वेगळी. बहुतेक गैरसमज या सगळ्यांना एकच वस्तू मानल्यामुळे होतात.

गैरसमज: स्क्रीन नुसती पांढरी दिसते, म्हणजे ती जळली.

वस्तुस्थिती: पांढरा उजेड बॅकलाइटचा असतो. त्याच्या एलईडींना वीज मिळाली की त्या पेटतात. प्रोग्राम चालतो की नाही याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. म्हणजे पांढऱ्या पडद्यातून एवढंच कळतं, की वीज पोचली आहे आणि आयएलआय-९३४१ ला सुरुवातीच्या आज्ञा नीट मिळालेल्या नाहीत.

कारणं ठरावीक आहेत. रीसेटची पिन मोकळी राहिलेली असते, सीएस आणि डीसी या तारांची अदलाबदल झालेली असते किंवा हेडर पिना सोल्डर न करता नुसत्याच भोकांत खोचलेल्या असतात. तितकंच नेहमीचं आणखी एक कारण म्हणजे लायब्ररीत चुकीची चिप निवडणं. हुबेहूब दिसणाऱ्या पाट्यांवर आयएलआय-९३४१ ऐवजी एसटी-७७८९ किंवा आयएलआय-९४८८ असू शकते आणि तिन्हींच्या सुरुवातीच्या आज्ञा सारख्या नाहीत. आयएलआय-९४८८ तर एसपीआय जोडणीवर एका बिंदूसाठी दोन नव्हे, तीन बाइट मागते. शंका असेल तर चिपलाच तिचा क्रमांक विचारता येतो. अनेक लायब्ररींबरोबर तसा छोटा प्रोग्राम येतो. उत्तरात ९३४१ आलं तर चिप जिवंत आहे. नुसती शून्यं किंवा नुसते एफ आले, तर आधी तारा तपासाव्यात. वाचनासाठी लागणारी एसडीओची तार जोडली आहे ना, हेही पाहावं.

गैरसमज: मॉड्यूलला ५ व्होल्ट चालतात, म्हणजे त्याच्या सगळ्या पिनांना चालतात.

वस्तुस्थिती: पाटीवर रेग्युलेटर असेल, तर ५ व्होल्ट चालतात ते फक्त वीजपुरवठ्याच्या पिनेला. संदेशाच्या तारा थेट चिपपर्यंत जातात आणि चिप ३.३ व्होल्टची असते. उनोच्या पिना मात्र ५ व्होल्ट बाहेर टाकतात. काही वेळा अशी जोडणी चाललेली दिसते, काही वेळा पडदा पांढराच राहतो, पण दोन्ही वेळा चिपवर मर्यादेबाहेरचा ताण येतो. उपाय स्वस्त आहे: प्रत्येक तारेवर लेव्हल शिफ्टर, किंवा १ आणि २ किलोओहमच्या रोधांची जोडी. ५ व्होल्टचे दोन तृतीयांश होतात सुमारे ३.३. ईएसपी-३२ च्या पिना मुळातच ३.३ व्होल्टच्या असल्याने तिथे हा प्रश्न येत नाही.

वीज कुठून घेतली हेही पाहावं. उनोच्या ३.३ व्होल्टच्या पिनेची मर्यादा ५० मिलीअँपिअर आहे आणि २.८ इंची स्क्रीनचा बॅकलाइट अनेकदा एकटाच त्याहून जास्त मागतो.

गैरसमज: चित्र उत्तम दिसतं, म्हणजे जोडणी बरोबर, टच चालत नाही, म्हणजे काच खराब.

वस्तुस्थिती: चित्र आणि स्पर्श या दोन वेगळ्या चिपांच्या जबाबदाऱ्या आहेत. घड्याळाची आणि माहितीच्या येण्याजाण्याची तार दोघी वाटून घेतात, पण सीएसची तार प्रत्येकीची स्वतंत्र असते. वर्गात हजेरी घेताना नाव पुकारलं की त्याच विद्यार्थ्याने ‘हजर’ म्हणायचं, तसं हे काम आहे. स्पर्शचिपची सीएस जोडलीच नाही, तर तिला कुणी हाक मारतच नाही. ही सीएस मोकळी लोंबकळत राहिली, तर न बोलावता मध्येच बोलून स्पर्शचिप पडद्याच्या चिपकडून येणारं उत्तरही बिघडवू शकते.

वेगाचाही फरक आहे. ईएसपी-३२ वर पडद्याशी ४० मेगाहर्ट्झने बोलता येतं, पण एक्सपीटी-२०४६ ला दोन-अडीच मेगाहर्ट्झच झेपतात. दोघींना एकच वेग लावला, तर स्पर्शाचे आकडे निरर्थक येतात.

हौशी लोकांत लोकप्रिय असलेला ‘चीप यलो डिस्प्ले’ हा पिवळा बोर्ड याचं बोलकं उदाहरण आहे. त्यावर पडदा ईएसपी-३२ च्या १२, १३ आणि १४ क्रमांकांच्या पिनांवर आहे, तर स्पर्शचिप २५, ३२ आणि ३९ वर. दोन्ही एकाच मार्गावर आहेत असं धरून लिहिलेला प्रोग्राम चित्र सुरेख दाखवतो आणि स्पर्शाला दाद देत नाही.

उनोवर थेट खोचायच्या शील्डची गोष्ट आणखी वेगळी. तिथे बहुधा स्पर्शचिप नसतेच. स्पर्शपटलाच्या चार तारा पडद्याच्याच पिना वापरतात. स्पर्श वाचताना त्यांतल्या काही पिना ‘इनपुट’ होतात. त्यांना पुन्हा ‘आउटपुट’ केलं नाही, तर पहिल्याच स्पर्शानंतर चित्र थिजतं. दोन ओळींची ती दुरुस्ती राहून गेली की दोष स्क्रीनच्या माथी येतो.

गैरसमज: बोट एका बटणावर आणि दाबलं जातं दुसरंच, म्हणजे माल निकृष्ट.

वस्तुस्थिती: एक्सपीटी-२०४६ ला पडद्यावरची बटणं ठाऊकच नसतात. ती फक्त ० ते ४०९५ यांमधला आकडा देते आणि कडेला बोट ठेवलं तरी तो आकडा टोकापर्यंत जात नाही. समजा, एका कडेला ३०० आणि दुसऱ्या कडेला ३८०० मिळाले. मग २०५० हा आकडा बरोबर मध्यावरचा, म्हणजे २४० पैकी १२० वा बिंदू. हे गणित प्रत्येक स्क्रीनसाठी वेगळं असतं. म्हणून कॅलिब्रेशनचा प्रोग्राम एकदा चालवून आपले आकडे टिपून ठेवावे लागतात. चित्र आडवं फिरवलं, तरी स्पर्शाचे अक्ष आपोआप फिरतातच असं नाही.

हलक्या स्पर्शाला प्रतिसाद मिळत नाही, हाही दोष नव्हे. मोबाइलचं कपॅसिटिव्ह पटल बोटाचा विद्युत परिणाम ओळखतं. हे रेझिस्टिव्ह पटल दाब ओळखतं. दाबल्यावर वरचा लवचीक थर खालच्या थराला टेकतो, तेव्हाच आकडा येतो. म्हणून इथे नख, हातमोजा किंवा पेनचं टोपणही चालतं.

गैरसमज: लाल रंग निळा दिसतो, चित्र संथपणे उमटतं, म्हणजे पडदा सदोष.

वस्तुस्थिती: लाल-निळ्याची अदलाबदल म्हणजे आरजीबी आणि बीजीआर या क्रमांची गल्लत. फोटोच्या निगेटिव्हसारखे उलटे रंग दिसले, तर ‘इन्व्हर्शन’चं सेटिंग बदलायचं. दोन्ही कामं एकेका ओळीची आहेत.

संथपणाचं कारण आकड्यांतच आहे. पूर्ण पडद्याचं एक चित्र म्हणजे १,५३,६०० बाइट. उनोची स्मृती अवघी २ किलोबाइट, म्हणून ते साठवता येत नाही. एसपीआयचा कमाल वेग ८ मेगाहर्ट्झ धरला, तरी ते पाठवायला किमान ०.१५ सेकंद लागतात. दर वेळी पूर्ण पडदा पुसण्याऐवजी बदललेला आकडाच पुन्हा काढला, तर तीच स्क्रीन चपळ वाटते. ईएसपी-३२ वर वेग वाढवल्यावर चित्रात कचरा दिसू लागला, तर लांब जम्पर वायर आखूड कराव्यात किंवा वेग २० मेगाहर्ट्झवर आणावा.

गैरसमज: स्क्रीन जोडल्यावर ईएसपी-३२ सुरूच होत नाही, म्हणजे बोर्ड गेला.

वस्तुस्थिती: ईएसपी-३२ सुरू होण्याच्या क्षणी काही पिनांवरून सेटिंग वाचते. १२ क्रमांकाची पिन त्या क्षणी ३.३ व्होल्टवर असेल, तर चिप आपल्या फ्लॅश स्मृतीला १.८ व्होल्ट देते आणि सामान्य बोर्ड अडकून बसतो. ती तार काढून बोर्ड सुरू झाला, तर बोर्ड शाबूत आहे. तार दुसऱ्या पिनेवर न्यायची.

खरा बिघाडही असतोच. पट्टीसारखी लवचीक केबल फाटलेली असते किंवा स्पर्शपटलाला तडा गेलेला असतो. याची परीक्षा मल्टिमीटरने होते: वीज बंद करून चार तारांच्या पटलाच्या समोरासमोरच्या कडांमधला रोध मोजायचा. निरोगी पटलात तो साधारण काही शे ओहम असतो. मीटरने जोडणीच दाखवली नाही, तर पटल गेलं. मात्र त्याखालचा आयएलआय-९३४१ चा पडदा तेव्हाही बहुधा शाबूत असतो. शेजारी दोन साधी बटणं जोडली, की तापमान किंवा पाण्याच्या टाकीची पातळी दाखवायला तो बिनदिक्कत वापरता येतो.