लाल रंगानं केलेली चुगली

२००२ साली पॉल ग्रॅहम नावाच्या अमेरिकी प्रोग्रामरनं आपल्या ईमेलचे दोन ढीग केले. एकात नकोशी पत्रं, म्हणजे स्पॅम. दुसऱ्यात हवीशी. दोन्हीकडे साधारण चार-चार हजार. मग कॉम्प्युटरला त्यानं एवढंच सांगितलं: प्रत्येक शब्द कोणत्या ढिगात किती वेळा आलाय ते मोज. अर्थ लावायला सांगितलंच नाही.

मोजणी झाली आणि स्पॅमच्या खुणांच्या यादीत अगदी वर एक विचित्र ‘शब्द’ दिसला: दोनदा एफ आणि पुढे चार शून्यं. हा कुठल्या भाषेतला शब्द? वेबपानं ज्या खुणांनी लिहितात त्यांत हा भडक लाल रंगाचा संकेतांक आहे. जाहिरात करणाऱ्याला आपली अक्षरं लालभडक हवी असतात. तुमची मावशी तब्येतीची चौकशी करताना लाल शाई निवडत नाही. स्पॅम ओळखण्यासाठी हा संकेतांक अश्लील शब्दांइतकाच खात्रीचा निघाला!

जरा थांबून बघा इथे काय झालं ते. आपल्या डोळ्यांना फक्त रंग दिसतो, त्यामागचा आकडा दिसत नाही. एखाद्या हुशार माणसाला ‘स्पॅम ओळखण्याचे नियम लिही’ म्हणून वर्षभर बसवलं असतं, तरी हा नियम त्याला सुचला असता का? पत्रातलं एक अक्षरही न समजणाऱ्या यंत्राला तो नुसत्या मोजणीतून सापडला.

ग्रॅहमनं आधी नियमांचीच वाट धरली होती. सहा महिने तो स्पॅमची एकेक लक्षणं हेरत राहिला. बहुतेक स्पॅम त्यात अडकायचं, पण उरलेलं थोडकं काही केल्या हाती लागेना, आणि चाळण बारीक करावी तर चांगली पत्रंही अडकू लागली. कारण उघड आहे. ‘फ्री’ शब्द दिसला की पत्र फेक, असा नियम करा, आणि मैत्रिणीचं ‘शनिवारी फ्री आहेस का?’ हे पत्रही गेलंच म्हणून समजा. एकटा शब्द कधीच गुन्हेगार नसतो. तो फक्त साक्षीदार असतो.

आणि साक्षी एकमेकींना जोडायच्या कशा, हे गणित तर अडीचशे वर्षांपूर्वीच मांडून झालं होतं! इंग्लंडमधल्या टनब्रिज वेल्स गावी थॉमस बेज नावाचा धर्मोपदेशक होता. तो १७६१ साली वारला. त्याच्या कागदपत्रांत त्याचा मित्र रिचर्ड प्राइसला एक लेख सापडला, आणि १७६३ मध्ये तो लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. त्यात बेजनं एका सपाट मेजाची कल्पना केली आहे. त्यावर एक चेंडू टाकलाय, पण तो कुठे थांबला ते तुम्हाला दिसत नाही. मग दुसरा चेंडू पुन्हापुन्हा टाकायचा आणि दर वेळी फक्त इतकंच कळणार, की तो पहिल्याच्या या अंगाला पडला की त्या अंगाला. एवढ्याशा त्रोटक बातम्यांवरून पहिल्या चेंडूची जागा ताडता येईल? येते. दर बातमीबरोबर अंदाज थोडा सरकतो, थोडा पक्का होतो. मेणबत्तीच्या उजेडात लिहिलेलं हे गणित आज तुमच्या इनबॉक्सच्या दाराशी राखण करतं, हे कळल्यापासून इनबॉक्स उघडताना मला त्या मेजाची आठवण येते.

आता हे गणित हातानंच करून पाहू. समजा, एक शब्द असा आहे की तो दिसला तर पत्र स्पॅम असण्याची बाजू नवास एक. अशा एकाच शब्दावर विसंबलो तर दहात एकदा फसू. पत्रात तशाच ताकदीचा दुसरा शब्द भेटला तर? नऊ गुणिले नऊ, म्हणजे ८१ ला १. तिसरा भेटला, ७२९ ला १. चौथा भेटला की थेट ६,५६१ ला १! चार कच्चे, बेभरवशाचे साक्षीदार एकत्र आले आणि जवळजवळ खात्री झाली. उलट, त्याच पत्रात तितक्याच ताकदीचा एखादा घरगुती शब्द निघाला की पारडं लगेच नऊपटीनं खाली येतं.

ग्रॅहमचा फिल्टर पत्रातले सगळे शब्द ऐकतही नव्हता. ‘आणि’, ‘आहे’ अशा शब्दांना सांगण्यासारखं काहीच नसतं, कारण ते दोन्ही ढिगांत सारखेच असतात. सर्वांत ठाम बोलणारे पंधरा शब्द तो निवडायचा आणि त्यांच्यावर निकाल द्यायचा. ‘क्लिक’ हा शब्द त्याच्याकडच्या जवळपास ८० टक्के स्पॅममध्ये होता आणि हव्याशा पत्रांत जेमतेम सव्वा टक्क्यात. असा साक्षीदार मिळाल्यावर फार जण लागतातच कशाला!

या हिशेबात एक ठळक चूक आहे आणि ती सगळ्यांना माहीत आहे. प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे साक्ष देतो, असं तो धरून चालतो. प्रत्यक्षात ‘शुभ’ आला की मागोमाग ‘दीपावली’ येणार. म्हणजे दोघे साक्षीदार आधी बोलून आलेले असतात. म्हणून या पद्धतीच्या इंग्रजी नावातच ‘भोळा’ असं विशेषण आहे. तरीही ती चालते, आणि जोरात चालते. ग्रॅहमच्या चाचणीत हजार स्पॅममागे पाचसुद्धा निसटली नाहीत, आणि हवंसं एकही पत्र हकनाक अडकलं नाही.

यातला दुसरा अर्धा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. तांदूळ निवडताना खड्याबरोबर दोन दाणे गेले तरी आपण हळहळत नाही. राहिलेला खडा मात्र दाताखाली येतो. इथे उलटं आहे. एखादं स्पॅम आत आलं तर पुसून टाकता येतं, पण नोकरीचं बोलावणं कचऱ्यात गेलं तर कळणारही नाही. म्हणून ग्रॅहमनं पारड्यात मुद्दाम वजन टाकलं: चांगल्या पत्रांतली प्रत्येक हजेरी त्यानं दुप्पट धरली. संशयाचा फायदा पत्राला.

मराठी माणसाला चकित करील अशी गोष्ट तर पुढेच आहे. या फिल्टरला इंग्रजी येत नाही, तशीच मराठीही येत नाही. त्यामुळे त्याला दोन्ही सारख्याच! त्याला शब्दकोश लागत नाही की व्याकरण. सभा, सभेला, सभेचं, सभेच्या ही त्याच्या लेखी चार निरनिराळी माणसं. प्रत्येकाची ओळख वेगळी होते, म्हणून थोडा वेळ अधिक लागतो, इतकंच. काही दिवसांत ‘वर्गणी’, ‘मानधन’, ‘सोसायटीची सभा’, तुमच्या आत्याच्या मुलाचं नाव, हे सगळे तुमच्या बाजूचे साक्षीदार होऊन बसतात. औषधांची नावं माझ्या इनबॉक्समध्ये संशयास्पद, तर डॉक्टरच्या इनबॉक्समध्ये रोजची. एकाच पद्धतीनं शिकलेले दोन फिल्टर, पण दोन घरांतल्या दोन आज्यांइतके वेगळे. दाराची कडी वाजली की कोण आलं ते प्रत्येकीला कळतं, पण आपापल्या घरापुरतं.

स्पॅम पाठवणारे स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी व्हायग्राच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘आय’च्या जागी एकचा आकडा घातला. माणूस वाचू शकतो, यंत्र फसेल, असा डाव. झालं काय? योग्य स्पेलिंग एखाद्या खऱ्या पत्रातही सापडू शकतं, पण आकडा घुसवलेलं स्पेलिंग फक्त स्पॅममध्येच सापडतं. नाटकातली खोटी मिशी लावून चोर बाजारात फिरावा आणि मिशीवरूनच पकडला जावा, तसं हे. मग त्यांनी पत्राच्या तळाशी कुठून कुठून उचललेले सभ्य शब्द ओतले. तेही फारसे कामी आले नाहीत, कारण ते शब्द सभ्य असले तरी तुमचे नव्हते. तुमच्या आत्याच्या मुलाचं नाव त्यांना कुठून ठाऊक असणार?

मग इतकी खटपट ते करतात तरी का? २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी स्पॅम पाठवणाऱ्या एका जाळ्यात शिरून मोजदाद केली. औषधांच्या जाहिरातीची सुमारे ३५ कोटी पत्रं गेली, आणि खरेदीपर्यंत पोचले किती जण? २८! पत्र पाठवायला जवळजवळ काहीच पडत नाही, म्हणून अठ्ठावीसही पुरतात. आणि म्हणूनच फिल्टर जितका नेटका, तितका हा धंदा मोडकळीला येतो.

आज मोठ्या कंपन्यांच्या मेलमध्ये याहून कितीतरी थोर यंत्रणा आहेत. पाठवणाऱ्याची ओळखही तपासली जाते. पण थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये हा मोजणारा फिल्टर अजून तुमच्याच कॉम्प्युटरवर बसलेला असतो. ‘जंक’चं बटण दाबलं की त्याची वही पुढे सरकते. ‘जंक नाही’ हे बटणही तितकंच दाबायला हवं बरं का. पोराला नुसते कावळेच दाखवले तर कोकिळेलाही ते कावळाच म्हणेल.

ग्रॅहम या वाटेवरचा पहिला नव्हे. १९९८ मध्येच चार संशोधकांनी बेजच्या गणितानं स्पॅम गाळून दाखवलं होतं. त्यांतला एक डेव्हिड हेकरमन, शिक्षणानं डॉक्टर. पुढे तो एचआयव्हीकडे वळला. हा विषाणू शरीराच्या पहारेकऱ्यांना चुकवण्यासाठी सतत रूप पालटतो, अगदी स्पॅमसारखा. पण स्पॅमनं कितीही सोंगं घेतली तरी एक गोष्ट त्याला लपवता येत नाही: पैसे कुठे द्यायचे, हे शेवटी सांगावंच लागतं. मग विषाणूतही असा भाग असेल का, जो बदलला तर विषाणूच लंगडा होईल? हेकरमन आणि त्याचे सहकारी रुग्णांमधल्या विषाणूंच्या जनुकीय अक्षरांत तो भाग शोधू लागले. स्पॅम गाळताना हाताशी आलेलं संख्याशास्त्र आता लशीच्या शोधाला लागलं होतं.