तोडीची चिठ्ठी आणि रुतलेला ट्रॅक्टर



शेतकी खात्याच्या माणसाने लागणीवर लिहावे, खताच्या मात्रांवर लिहावे, फार तर हुमणीवर लिहावे अशी या अंकाची रीत आहे. या खेपेस आम्ही चिखलावर लिहीत आहोत. चूक आमची होती, आणि ती आमच्याच हाताने लिहिली गेलेली बरी.

2021 सालच्या डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत अवकाळी पाऊस झाला, तो बहुतेकांच्या ध्यानात असेल. तोडी बंद पडल्या. बीडकडच्या टोळ्यांच्या खोपटांत पाणी शिरले, माणसे लेकराबाळांसह शाळेच्या व्हरांड्यात बसून राहिली. गव्हाणीत ऊस कमी पडू लागला की शेतकी खात्यातला फोन कसा वाजतो, हे तो घेणाऱ्यालाच ठाऊक. चार दिवसांनी ऊन पडले. नदीकाठच्या एका सभासदांचा आडसाली ऊस होता, 86032, वय सोळा महिन्यांच्या पुढे. तात्या रोज गट ऑफिसात येऊन बसायचे. "साहेब, तुरा आलाय. खोडवा येळेत धरायचा हाय. आता किती दिस थांबायचं?"

आम्ही फडावर गेलो. बांधावर उभे राहिलो, बुटाने माती दाबून पाहिली. वर खपली धरली होती. "जमतंय," असे म्हणून चिठ्ठी दिली. पंचवीस वर्षांची नोकरी, कृषी पदविका, सगळे त्या बुटाच्या टाचेत आले!

भारी काळ्या रानाचा स्वभाव आपणा सर्वांना माहीत आहे, पण तोडीच्या घाईत तोच विसरला जातो. या मातीत चिकणमातीचा अंश निम्म्याच्या आसपास, कुठे त्याहूनही जास्त असतो. वाळली की हातभर भेगा, भिजली की फुगून भेगा बंद. फुगलेल्या मातीतून पाणी खाली जायला वाट राहत नाही. वरचे दोन-तीन बोटे ऊन-वाऱ्याने सुकते आणि खाली लोण्यासारखा गारा तसाच असतो. माणूस त्यावरून चालून जातो, बैल जातो. भरल्या ट्रॉलीचे ओझे ओढणारे चाक मात्र ती खपली फोडून खाली उतरते. पाहायचे असेल तर फावड्याने दीड फूट उकरावे, खालची माती मुठीत दाबून लाडू करावा आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाकावा. फुटला तर वाफसा आहे. चपटा होऊन चिकटून बसला, तर त्या रानात ट्रॅक्टर घालू नये. हे आम्ही शेकडो शेतकरी मेळाव्यांत सांगितले आहे. त्या दिवशी मात्र फावडे आणले नव्हते.

तोड सुरू झाली. पहिली ट्रॉली रडतखडत सडकेला लागली. दुसरी भरून निघाली ती फडाच्या तोंडाशी, पोटपाट ओलांडायच्या जागी बसली. ड्रायव्हर बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, ट्रॅक्टर हप्त्यावरचा. त्याने केले ते कोणीही करील. ॲक्सिलरेटर दाबला. उजवे चाक गरागरा फिरू लागले, डावे जागचे हलेना. डिफरन्शियलची रचनाच अशी की ज्या चाकाला विरोध कमी, तेच फिरत राहते. त्यासाठी डिफलॉक दिलेला असतो, दोन्ही चाके एकजीव करायला. पण तो चाक घसरायच्या आधी, सरळ चालीत टाकायचा असतो आणि वळण्यापूर्वी सोडायचा असतो. इथे तो पायडलच चिखलाने बसला होता. लाथ मारून मारून बसवला तोवर उशीर झालेला. मग दोन्ही चाकांनी मिळून खड्डा केला आणि ट्रॅक्टरचे पोट जमिनीला टेकले. पोट टेकल्यावर चाकावर वजनच येत नाही, मग पकड कुठली?

बैलाचे तसे नाही. बैल पाय उचलून पुढे टाकतो. चाक आहे तिथेच उकरत राहते. असो.

जेसीबीला फोन लावला, तो दुसऱ्या दिवसाशिवाय मोकळा नव्हता. तेव्हा कोणीतरी बाभळीचा ओंडका आणला. दोन्ही मागच्या चाकांना आडवा साखळीने बांधायचा, म्हणजे चाक फिरताना ओंडका खाली जातो आणि ट्रॅक्टर त्यावर चढून पुढे येतो. ही युक्ती अनेकांनी केली आहे, आम्हीही चालताना पाहिली आहे. म्हणून आम्ही काही बोललो नाही. हीच आमची दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी.

ओंडका बांधला. पोराने पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. ओंडका चिखलात गेला आणि तिथेच अडकला. चाके थांबली. इंजिन थांबले नाही. पुढची चाके जमिनीवरून उठली. आधी वीतभर, मग हातभर, मग बॉनेट आभाळाकडे तोंड करू लागले. आम्ही पुतळ्यासारखे उभे. वाटेने ऊस भरायला निघालेल्या एका टायरगाडीवरचे म्हातारे गाडीवान जिवाच्या आकांताने ओरडले, "क्लच! आरं क्लच दाब!" पोराचा पाय पडला. पुढची चाके धाडकन खाली आली.

पोरगा उतरला, बांधावर बसला. त्याचे गुडघे थरथरत होते. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. एका बाईने कळशीतले पाणी दिले.

यात घडते काय, ते नीट सांगतो. इंजिनची ताकद मागच्या धुऱ्यावर येते आणि चाक फिरवते. चाक काही केल्या फिरू शकत नाही असे झाले की तीच ताकद धुऱ्याभोवती ट्रॅक्टरचे धड फिरवू लागते. मेस्त्री लोक म्हणतात, पिनियन क्राऊनवर चढते. मग पुढचा भाग उचलतो, आणि एका मर्यादेपलीकडे गेला की ट्रॅक्टर आपल्याच वजनाने मागे ड्रायव्हरवर पडतो. हे सगळे व्हायला दीड-दोन सेकंद पुरतात. तेवढ्यात उडी मारता येत नाही. क्लच दाबला तरच ताकद तुटते. म्हणून चाकाला लाकूड, साखळी, पहार काही म्हणजे काही बांधू नये. ओढायचा दोर धुऱ्याच्या वर, टॉपलिंकच्या जागी लावला तरी परिणाम तोच. दोर नेहमी खालच्या हुकातच लावावा. कारखान्याच्या वाटेवरच्या चढाला पुढची चाके उचललेले ट्रॅक्टर पाहून आपली पोरे मोबाईलवर चित्रण करतात, हसतात. आम्हाला त्यात हसू येत नाही.

गाडीवान गाडी सोडून खाली उतरले. पुढचा सगळा कारभार त्यांनीच हातात घेतला. आम्ही साहेब असून हाताखाली राबलो. ते म्हणाले, "आदी वज्जं उतरा. मग माती काडा. मग वढा. तुमी समदं उलटं करताया."

ट्रॉली रिकामी करायची म्हणजे टोळीने पुन्हा मोळ्या डोक्यावर घ्यायच्या. सात कोयते, म्हणजे सात नवरा-बायको. दिवसभर तोडून, बांधून, भरून दमलेली माणसे. घोट्याएवढ्या चिखलातून त्यांनी तो ऊस उतरवून सडकेच्या कडेला रचला. अंधार पडला तेव्हा ट्रॉली मोकळी झाली. ताणामुळे पिन अडकून बसली होती. वजन उतरल्यावर ती पहारीच्या चार टोल्यांत निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माती. चाकांच्या पुढची नव्हे, मागची. रुतलेला ट्रॅक्टर आल्या वाटेनेच परत काढणे सोपे, कारण मागची जमीन त्याने एकदा तोललेली असते. शिवाय रिव्हर्समध्ये पुढचे तोंड उचलण्याची भीती कमी. चाकांमागे उताराचे चर काढले, त्यांत मुरूम आणि वेड्या बाभळीच्या फांद्या टाकल्या. पाचट टाकायला एकजण धावला, त्याला गाडीवानांनी थांबवले. नुसते ओले पाचट चाकाखाली साबणासारखे सरकते. मग पोटाखालून पहारी घालून माती सैल केली. चिखल पोटाला तोंड लावून शोषून धरतो. आत हवा शिरेपर्यंत कितीही ओढा, सोडत नाही. पहिली पहार आरपार गेली तेव्हा 'फस्स' असा आवाज आला, तो आम्ही स्वतः ऐकला.

ओढायला दुसरा ट्रॅक्टर फडाच्या आतल्या, घट्ट बाजूला पाहिजे होता. तिथे जायची वाट शेजाऱ्यांच्या बांधावरून. भावकीतच बांधाचा जुना वाद, त्यामुळे तात्या विचारायला तयार नव्हते. शेवटी आम्ही गेलो. शेजारी म्हणाले, "त्याला म्हणावं, एकदा तोंडानं इचार." तात्या आले, बांधावर उभे राहून म्हणाले, "दादा, ट्रॅक्टर घालू का?" "घाल की." एवढेच बोलणे झाले, पण ते किती वर्षांनी झाले हे गावातले लोक सांगतील.

कारखान्याच्या यार्डातून पोलादी वायररोप आणला, साठ-सत्तर फुटांचा. दोर लांब असावा म्हणजे ओढणारा घट्ट जमिनीवर राहतो. दोराच्या मधोमध ओली पोती टाकली. ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा परत येतो, पोत्याने त्याचा जोर मरतो. दोराची लांबी असेल त्याच्या दीडपट अंतरावर सगळ्यांना हाकलले. मोबाईलवाली पोरे पुन्हा पुन्हा पुढे येत होती, त्यांना गाडीवानांनी चाबूक दाखवला! आधी रिकामी ट्रॉली मागे ओढून बाजूला घेतली. मग रुतलेल्या ट्रॅक्टरला दोर लावला. आधीचाच पोरगा बसला, आम्ही दुसरा ड्रायव्हर देत होतो, पण तो ऐकेना. रिव्हर्सचा लो गिअर, डिफलॉक टाकलेला, ॲक्सिलरेटर अगदी हळू. झटका द्यायचा नाही, दोघांनी एकाच वेळी ताण घ्यायचा. पहिल्या दोन वेळा हलला आणि थांबला. दोन्ही वेळा थांबून पुन्हा माती काढली. तिसऱ्या वेळी आला.

लोकांनी लगेच ट्रॉली जोडून भरायला घेतली. आम्ही थांबवले. मागच्या धुऱ्याचे तेल थोडे सोडून पाहिले, ते चहासारखे दुधाळ झाले होते. सीलमधून पाणी आत गेले होते. तसाच चालवला असता तर बेअरिंगे गेली असती, आणि तो हप्ता पोराच्या घरचा. तेल बदलले, पुढच्या हबमध्ये ग्रीस भरले, रेडिएटरच्या जाळीतला चिखल धुतला. यात दुपार गेली. तोडलेला ऊस तिसऱ्या दिवशी काट्यावर गेला. तोडल्यापासून चोवीस तासांत गाळप व्हावे असे आपण सांगतो, कारण त्यानंतर वजन घटत जाते आणि साखर फुटत जाते. तात्यांनी वजनाची पावती पाहिली, घडी घालून खिशात ठेवली, आम्हाला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

टोळीची मजुरी टनावर. ऊस दोनदा भरला, टन एकदाच मोजले गेले. उतरवण्याचा आणि फेरभरणीचा दर कोणत्याही पत्रकात नाही. तात्यांनी पदरचे काही दिले, आम्ही थोडे घातले, मुकादमाने उचलीत काही धरले की नाही कळले नाही. फेरभरणीचा दर ठरवावा असे टिपण आम्ही त्याच महिन्यात वर पाठवले. ते विचाराधीन आहे. संपादकांनी हे वाक्य ठेवले तर त्यांचे आभार.

आता राहिला मुख्य प्रश्न. पाऊस साऱ्या शिवारात सारखाच पडला होता, मग तीच जागा का? आठवड्याने आम्ही फावडे घेऊन गेलो. त्या तोंडाशी लव्हाळा दाट माजला होता आणि कडेला पाणकणसाची चार ताटे उभी होती. पाणकणीस चार दिवसांच्या पावसाने येत नाही. खणून पाहिले तर उपसा योजनेच्या पाइपलाइनचा जोड पाझरत होता, कधीपासून कोण जाणे. शेजारचा चर जुलै 2021 च्या पुरात गाळाने बुजला होता, तो कोणी उपसला नव्हता. खालून पाझर, बाजूला निचरा बंद, त्यावर अवकाळी. आम्ही बांधावरून बूट आपटून "जमतंय" म्हटले ते या तिघांवर.

जोड दुरुस्त झाला. चर दोन्ही भावांनी मिळून उपसला. पोटपाटावर सिमेंटचे पाइप टाकून मोरी केली आणि वर मुरूम दाबला. जिथे ट्रॅक्टर रुतला होता तिथली माती मात्र पुढे वर्षभर दगडासारखी राहिली. ओल्या मातीवर वजन फिरले की तिची छिद्रे मोडतात. खोडव्यात त्या पट्ट्यातली बुडखे फुटली नाहीत, तिथे पिशवीतली रोपे लावून नांग्या भरल्या. पुढल्या लागणीला ताग गाडला, तेव्हा कुठे माती हाताला मऊ लागली.

पोरगा अजून वाहतूक करतो. गाडीवानांनी वयामुळे गाडी सोडली, बैल मुलाकडे आहेत.

येत्या हंगामात ज्या सभासदांच्या फडाच्या वाटेवर लव्हाळा किंवा पाणकणीस दिसत असेल, त्यांनी तोडीच्या किमान तीन आठवडे आधी, म्हणजे शेवटचे पाणी बंद करतानाच, आपल्या गट ऑफिसात कळवावे. आम्ही येऊन पाहू. फावडे आमच्याकडे आहे, नुसती जागा दाखवायला कोणीतरी घरी असावे.