कोल्हापुरी चप्पल : कातडे, कारागीर आणि किंमत

२०२५ च्या जून महिन्यात इटलीतील मिलान शहरी प्राडा या बड्या पेढीने पुरुषांच्या उन्हाळी पोशाखांचे प्रदर्शन भरविले. त्यात दाखविलेल्या चपलांचा घाट उघडउघड कोल्हापुरी होता. नाव मात्र नुसते 'चामड्याचे सँडल'. इकडे ओरड झाली, तेव्हा पेढीने मूळ मान्य केले. डिसेंबरात महाराष्ट्र व कर्नाटक येथील चर्मोद्योग महामंडळांशी करार होऊन, २,००० जोड येथील कारागिरांकडून करवून घ्यावयाचे व जोडाची किंमत सुमारे ८०० युरो ठेवावयाची, असे जाहीर झाले.

अभिमानाच्या घोषणा पुष्कळ झाल्या. आम्ही कामगार चळवळीतील माणसे. आम्हांस हा प्रश्न कारागिराच्या ओट्यावर बसून पाहावासा वाटतो.

कच्चे कातडे ही कुजणारी वस्तू. बाभळीची साल व हिरडा यांच्या अर्कात तुरट द्रव्य असते. ते कातड्यातील तंतूंना चिकटून पाण्याची जागा घेते, आणि कूज थांबते. कोल्हापूरकडील जुनी रीत अशी, की कातडे पिशवीसारखे शिवून टांगावयाचे, आत साल-हिरड्याचे पाणी भरावयाचे, आणि ते झिरपेल तसतसे पुन्हा ओतावयाचे. यात आठवडे जातात. क्रोम क्षारांनी हेच काम एक-दोन दिवसांत उरकते व चामडे मऊ निघते, म्हणून कारखान्यांनी ती वाट धरली. पण सालीत कमावलेल्या तळाची गोष्ट निराळी. पहिले काही दिवस तो पायास चावतो (हे सोसल्यावाचून कोल्हापुरी घालता येत नाही!), आणि मग घाम शोषून, दबून, पायाचाच साचा होऊन बसतो. अस्सल जोडात खिळा नसतो. थर चामड्याच्याच वादीने शिवलेले असतात. वरच्या पट्ट्याची वेणी बहुधा घरातील बाई घालते, आणि हिशेबाच्या वहीत तिचे नाव सहसा सापडत नाही.

जतनाचे नियमही यातूनच निघतात. असे चामडे पाणी पिते व फुगते, म्हणून पावसात ही चप्पल घालू नये. भिजलीच तर उन्हात वा चुलीपाशी ठेवू नये. पाणी झपाट्याने उडाले की तंतू आखडतात व कातडे तडकते. सावलीत, वारा लागेल अशी सुकवावी, मग फडक्याने थोडे एरंडेल चोळावे. तेल फार झाले तर चामडे लुळे पडते. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्यास बुरशी धरते. ८०० युरोंचा जोड असो की कोल्हापूरच्या चप्पल लाईनीतला, नियम एकच.

२०१९ साली या चपलेस भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे त्यात येतात. झाले ते चांगलेच. परंतु मानांकन नावाचे रक्षण करते, मजुरीचे नव्हे. येथे काम नगावर चालते. घरी बसून काम करणाऱ्यास हजेरीपुस्तक नाही, त्यामुळे त्याचा मालक कोण हेही धड सांगता येत नाही; आणि पावसाळ्यात मागणी बसली की दरही नाही, भत्ताही नाही. म्हणून कोणत्याही पेढीचे काम अंगावर घेण्यापूर्वी कातडे कमावणारा, तळ कापणारा आणि वेणी घालणारी, या तिघांचे दर वेगवेगळे लिहून घ्यावेत. पावसाळ्याच्या चार महिन्यांचे काय, तेही त्याच कागदावर यावे.