बुधवारची गोळी

नगर-मनमाड रस्त्यावरची पहिल्या पाळीची गर्दी ओसरली की आम्ही मायलेकी नागापूरच्या लॅबमध्ये जाऊन बसतो. आईच्या दंडाला रबरी पट्टी बांधताना तिथली मुलगी सवयीनं म्हणते, "मावशी, मूठ आवळा," आणि लगेच जीभ चावते. संधिवातानं आईची बोटं अर्ध्यावरच थांबतात. मग ती रुमालाची गुंडाळी आईच्या तळव्यात ठेवते. "हे नुसतं धरा." शीर सापडते.

आता हे दर तीन महिन्यांनी असतं. सुरुवातीला दोन-चार आठवड्यांनी यावं लागायचं. दुखतात सांधे आणि तपासायचं रक्त, हे आईला पटेना. तिची मुख्य गोळी मेथोट्रेक्सेट. स्वतःच्याच सांध्यांवर उठलेल्या प्रतिकारशक्तीला ती आवरते. पण कधी अस्थिमज्जेत नव्या पेशी घडणंही मंदावतं. सांध्यांना त्याचा पत्ता नसतो. बोटं मोकळी झाली म्हणून माणूस खुशीत असतो, तेव्हाच पांढऱ्या पेशी उतरत असू शकतात.

जांभळ्या टोपणाची नळी भरली की मुलगी ती आठ-दहा वेळा अलगद उलटीसुलटी करते. आतलं रसायन रक्तात नीट मिसळलं नाही तर गुठळ्या होतात. दुसऱ्या नळीतून यकृताचं एसजीपीटी आणि मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन. मूत्रपिंड मंदावलं की हे औषध अंगात साचतं.

गेल्या पावसाळ्यात यंत्रानं प्लेटलेट दाखवल्या ६८ हजार. आधीच्या खेपेला २ लाख ४० हजार होत्या. माझ्या पोटात गोळा आला. मुलगी म्हणाली, "थांबा ताई, स्लाइड बघू." वीज गेल्यानं नळी बराच वेळ पडून होती. तिनं काचपट्टीवर थेंब ओढला, वाळवला, लीशमनचा रंग चढवला आणि सूक्ष्मदर्शकातून मलाही पाहू दिलं. जांभळे ठिपके घोळक्याघोळक्यानं चिकटले होते. काहींच्या रक्तात त्या गोठू न देणाऱ्या रसायनामुळेच असं होतं. यंत्राला घोळक्यातल्या प्लेटलेट सुट्या मोजता येत नाहीत. निळ्या टोपणाच्या नळीत पुन्हा रक्त घेतलं. आकडा २ लाखांच्या वर आला. यंत्रापेक्षा त्या मुलीच्या डोळ्यांवर माझा विश्वास जास्त, तो तेव्हापासून.

डॉक्टर आकडा एकटा वाचत नाहीत. पांढऱ्या पेशी ४,२०० म्हटल्या तर छापील मर्यादेत बसतात. पण त्याआधी ७,८०० आणि मग ६,१०० असतील, तर ती उतरंड आहे. म्हणून जुनी फाइल न्यायचीच. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असताना उलटा घोळ होतो, संसर्ग नसतानाही पेशी वाढलेल्या दिसतात. एमआयडीसीत काम करणारा माझा भाऊ म्हणतो, रक्ताचा रिपोर्ट म्हणजे मस्टर. हजेरी लागली म्हणजे माणूस कामाला लागला असं नाही. म्हणून डॉक्टर कागद बाजूला ठेवून विचारतात: ताप? तोंड आलं? कोरडा खोकला, दम? आईनं एकदा दोन दिवसांचा ताप लपवला होता, "पावसात भिजले" म्हणून. त्या दिवशी तिला बोलणी बसली. ताप असेल तर ती गोळी घेण्याआधी फोन करायचा, असं ठरलंय.

मध्यंतरी महागड्या जैविक इंजेक्शनचा विषय निघाला, तेव्हा आधी क्षयाची तपासणी झाली. आपल्याकडे कित्येकांच्या अंगात क्षयाचे जंतू निजलेले असतात. यातली काही इंजेक्शनं त्यांना जागं करू शकतात. हातावर मॅन्टूची टोचणी, मग ४८ ते ७२ तासांत उठलेली गाठ पट्टीनं मोजायची. आईच्या गोळ्या चालू असल्यानं ५ मिलिमीटरचीही गाठ झाली असती तर ती धरली गेली असती. उठलीच नाही. तरी छातीचा एक्स-रे काढलाच.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. फॉलिक आम्लाच्या कामात अडथळा आणणारी ही गोळी, म्हणून तेच फॉलिक आम्ल वेगळ्या दिवशी द्यायचं. या घराण्यातल्या औषधांची वाट भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेतून गेली, आणि १९४७-४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांवर त्यांपैकी एक वापरलं. तिथे मात्रा मोठ्या. आईची छोटी.

चिठ्ठीवर डॉक्टरांनी मराठीत, अधोरेखित करून लिहिलंय: फक्त बुधवारी. आई कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी बुधवारी गोल काढते, शुक्रवारी फॉलिकची फुली. पेन्सिल ती मुठीत नाही, दोन बोटांच्या बेचक्यात धरते.