जुन्या झिलईची नवी भांडी

आपल्या भागात ‘चिनी माती’ म्हटले की आधी लोणच्याची बरणी आठवते. वरचा अर्धा भाग तपकिरी, खालचा पांढरट. मडके पाझरते, बरणी पाझरत नाही, कारण बरणीवर झिलई असते. गारेची पूड, चुना, राख अशा पदार्थांचा पातळ लेप भट्टीत वितळतो आणि भांड्यावर काचेसारखा बसतो. त्यात लोह असेल तर तपकिरी रंग येतो. हेच लोह अगदी थोडे घालून भट्टीत हवा कमी ठेवली, तर झिलई निळसर-हिरवी होते. चीनच्या कुंभारांनी या गुणावर हजार वर्षे काम केले. त्यातल्या एका नवलाच्या प्रकाराची ओळख सभासदांना करून द्यावी, म्हणून हा लेख. हा प्रकार म्हणजे जुन्या झिलईची हुबेहूब नक्कल केलेली बादशाही एकरंगी भांडी.

सोंग घराण्याच्या काळात (इ. स. ९६० ते १२७९) चीनमध्ये नक्षी नसलेल्या, एकाच रंगाच्या भांड्यांना मोठा मान होता. त्यात ‘रू’ भांडी सर्वांत दुर्मीळ. पावसानंतर उघडलेल्या आकाशासारखा त्यांचा रंग. ती दरबारासाठी थोडीच वर्षे बनली. ११२७ मध्ये राजधानी काईफेंग शत्रूच्या हाती गेली, दरबार दक्षिणेकडे गेला आणि ते काम थांबले. आज जगभरात अशी भांडी शंभरच्या आत उरली आहेत. कुंचले धुण्याचे एक लहानसे रू भांडे २०१७ साली हाँगकाँगच्या लिलावात २९ कोटी हाँगकाँग डॉलरहून जास्त किमतीला गेले.

पुढे सहाशे वर्षांनी छिंग घराण्याचे बादशहा योंगझेंग (१७२३ ते १७३५) आणि च्यानलोंग (१७३६ ते १७९५) यांना या जुन्या भांड्यांचे वेड होते. राजवाड्यात मूळ भांडी होती, पण झिलई कशी करायची हे सांगणारे कोणी उरले नव्हते. भांडे हातात आहे आणि कृती हरवली आहे, अशी ही अडचण.

बादशाही भट्ट्या जिंगदेझेन या गावी होत्या. थांग यिंग नावाचा अधिकारी १७२८ मध्ये तिथे आला. लाल-जांभळ्या छटांच्या ‘च्युन’ झिलईची कृती शोधण्यासाठी त्याने १७२९ मध्ये वू याओफू या साहाय्यकाला त्या झिलईच्या मूळ गावी पाठवले. राजवाड्यातली जुनी भांडी नमुना म्हणून जिंगदेझेनला येत, कुंभार ती समोर ठेवून चाचण्या घेत. १७३५ मध्ये थांग यिंगने तिथे होणाऱ्या भांड्यांची आणि झिलयांची यादी लिहून ठेवली. पन्नासहून अधिक प्रकारांच्या त्या यादीत जुन्या भांड्यांच्या नकला पुष्कळ आहेत.

या नकला किती बारकाईने केल्या ते पाहू. ‘ग्वान’ या जुन्या भांड्यांची माती काळपट होती, म्हणून काठाशी झिलई पातळ झाली की जांभळट रेघ दिसे आणि तळाची कड लोखंडासारखी काळी राही. जिंगदेझेनची माती पांढरीशुभ्र. मग कुंभारांनी तळाच्या कडेला मुद्दाम तपकिरी लेप दिला. जुन्या झिलईवर बारीक तड्यांचे जाळे असे. भांडे निवताना झिलई मातीपेक्षा जास्त आकसते, तेव्हा ती तडकते. मुळात हा दोष, पण तोच शोभा ठरला. म्हणून माती आणि झिलईचे प्रमाण असे जुळवले की तडे हवे तसे पडावेत. मग त्या तड्यांत रंगही भरला.

याला बनावट म्हणायचे का? नाही. कारण भांडे उलटे केले की तळाशी निळ्या अक्षरांत बादशहाच्या कारकिर्दीचे नाव सापडते. कुंभाराने जुन्याचा आदर केला, पण आपला काळ लपवला नाही. पुढे काही व्यापाऱ्यांनी ती अक्षरे घासून काढली आणि तीच भांडी सोंग काळातली म्हणून विकली. फसवणूक झाली ती तिथे, भट्टीवर नव्हे.

अशी एकरंगी भांडी आपल्याकडेही पोचली होती. मुघल आणि दख्खनच्या दरबारांत हिरवट चिनी ताटांना ‘घोरी’ म्हणत. विषारी अन्न वाढले तर ते ताट तडकते, अशी समजूत होती. विजापूरला गोल घुमटाच्या आवारातल्या संग्रहालयात जुनी चिनी भांडी आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातली चिनी भांडी आहेत. मुलांना घेऊन गेलात तर नक्षीच्या भांड्यांपाशीच थांबू नका. साध्या एकरंगी भांड्याचा काठ, तळाची कड आणि तडे पाहा.

आपल्या जवळचा धडा खानापूरचा आहे. तिथल्या मातीची मडकी, माठ, कौले आपल्या सगळ्यांना परिचयाची. खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्थाही तिथेच आहे. पण कोणती माती कुठली, ती किती दिवस मुरवायची, आवा कसा रचायचा, आच कधी कमी करायची, हे ज्ञान बहुतेक हातांत आणि डोळ्यांत असते, कागदावर नसते. चीनच्या बादशहाजवळ पैसा होता, माणसे होती, मूळ भांडीही होती, तरी हरवलेली कृती परत मिळवायला वर्षे लागली. ज्या सभासदांच्या घरात किंवा ओळखीत हे काम करणारे वडीलधारे आहेत, त्यांनी ते आत्ताच विचारून लिहून ठेवावे, आणि जमल्यास एकदा आव्याशेजारी बसून पाहावे. माठ जपून ठेवता येतो. तो घडवण्याची रीत मात्र कोणी शिकले तरच टिकते.