पंधरा सेंटचे दुकान आणि गमावलेले नाव

लॉस एंजेलिसच्या पूर्वेस सुमारे शंभर किलोमीटरवर सॅन बर्नार्डिनो नावाचे शहर आहे. मुले-सुना नोकरीनिमित्त दक्षिण कॅलिफोर्नियात स्थायिक झाल्यामुळे आपल्या समाजातील अनेक ज्येष्ठ मंडळी हल्ली दोन-चार महिने तिकडे राहून येतात. ब्युएना पार्क येथील जैन मंदिरात दर्शन झाले, समुद्रकिनारा झाला, नातवंडांसोबत डिस्नेलँडही पाहून झाले, की पुढच्या सुटीच्या दिवशी कोठे जावे असा प्रश्न उरतो. सॅन बर्नार्डिनोचे नाव त्या यादीत सहसा नसते. तथापि त्या शहरातील नॉर्थ ई स्ट्रीट आणि चौदाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एक लहानसे संग्रहालय आहे. ज्या जागेवर जगातील पहिले मॅकडोनाल्ड्स उभे राहिले, तीच ही जागा.

कांदा-लसूणही वर्ज्य मानणाऱ्या कुटुंबाने हॅम्बर्गरचा इतिहास सांगणाऱ्या संग्रहालयात पाऊल का टाकावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे एक सरळ उत्तर असे, की तेथे खाण्याचे काहीही मिळत नाही. दुसरे उत्तर जरा लांबचे आहे. हे संग्रहालय वस्तुतः एका दुकानाचे आहे. दोन भावांची भागीदारी, बँकेचे कर्ज, करारनामा, नावाची मालकी आणि जागेचे भाडे यांची ती कथा आहे, आणि पेढीवर बसणाऱ्या माणसाला यांतील एकही विषय परका नाही.

संग्रहालयात प्रवेशशुल्क नाही. मांडणीही शिस्तबद्ध म्हणता येणार नाही. काचेची कपाटे वस्तूंनी खच्चून भरलेली आहेत. जुने कागदी पेले, वेष्टने, खोकी, नोकरांचे गणवेश, जाहिराती, विदूषक रोनाल्डचे पुतळे, आणि मुलांच्या खाण्यासोबत देशोदेशी वाटलेली असंख्य खेळणी. यांतील पुष्कळ वस्तू सामान्य लोकांनी घरातून आणून दिलेल्या आहेत. एक भाग 'रूट ६६' या प्रसिद्ध जुन्या महामार्गाला वाहिलेला आहे. नातवंडे खेळण्यांपाशी रमतात. थोरांनी मात्र मूळ दुकानाच्या छायाचित्रांपाशी थोडे थांबावे, कारण मूळ इमारत आता अस्तित्वात नाही. ती केव्हाच पाडली गेली.

आणखी एक गोष्ट नवागताच्या ध्यानात सहसा येत नाही. हे संग्रहालय मॅकडोनाल्ड्स कंपनीचे नाही. जपानी वंशाचे अमेरिकन व्यावसायिक आल्बर्ट ओकुरा यांनी १९९८ मध्ये ही जागा विकत घेतली आणि हौसेने हा संग्रह उभा केला. ओकुरा यांचा स्वतःचा धंदा 'हुआन पोयो' या भाजलेल्या कोंबडीच्या उपाहारगृहांचा होता. त्या धंद्याविषयी आपल्या वाचकांचे मत काय असेल, ते सांगण्याची गरज नाही. परंतु दुसऱ्या दुकानदाराने पहिल्या दुकानदाराची स्मृती पदरमोड करून जपावी, हे दृश्य व्यापारी जगात विरळाच. ओकुरा २०२३ मध्ये निवर्तले.

रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनाल्ड हे बंधू अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू हॅम्पशायर राज्यातून आलेले. वडील जोड्यांच्या कारखान्यात कामाला होते. मुलांनी कॅलिफोर्नियात येऊन चित्रपटांच्या स्टुडिओत सामान हलवण्याचे काम केले, मग एक चित्रपटगृह चालवून पाहिले. ते चालले नाही. १९३७ मध्ये त्यांनी खाद्यपदार्थांची एक टपरी टाकली आणि १९४० मध्ये सॅन बर्नार्डिनोत मोठे दुकान थाटले. त्यासाठी बँक ऑफ अमेरिकेने त्यांना ५,००० डॉलरचे कर्ज दिले. तारण म्हणून दाखवण्यासारखे या भावांपाशी फारसे काही नव्हते. तारणाच्या रकान्याबरोबरच समोरच्या माणसाकडेही पाहणारा अधिकारी त्यांना भेटला, असेच म्हणावे लागेल. असे अधिकारी सर्व काळांत थोडेच असतात.

दुकान उत्तम चालले. गिऱ्हाईक मोटारीतच बसून राही आणि वीसएक तरुणी ताटे घेऊन मोटारीपाशी जात. पदार्थांच्या यादीत पंचवीस जिन्नस होते. नफाही चांगला होता. असे असता १९४८ मध्ये भावांनी चालते दुकान तीन महिने बंद ठेवले. त्यांनी विक्रीच्या पावत्या तपासल्या तेव्हा विक्रीचा फार मोठा भाग एकट्या हॅम्बर्गरचा असल्याचे आढळले. पंचवीस जिन्नस नऊवर आले. वाढणाऱ्या तरुणींना निरोप मिळाला. चिनी मातीची ताटे आणि काटे-चमचे जाऊन कागद आला. म्हणजे फुटणे नाही, हरवणे नाही, विसळणे नाही. तीस सेंटचा हॅम्बर्गर पंधरा सेंटला झाला. गिऱ्हाइकाने स्वतः खिडकीपाशी यावे, पैसे मोजावे आणि अर्ध्या मिनिटात पुडके घेऊन जावे, अशी नवी पद्धत १२ डिसेंबर १९४८ रोजी सुरू झाली.

आरंभी धंदा पार बसला. ताट मोटारीपर्यंत येण्याची सवय झालेले गिऱ्हाईक रागावून निघून गेले. भावांनी धीर सोडला नाही. काही महिन्यांनी वेगळेच गिऱ्हाईक येऊ लागले. कामकरी कुटुंबे मुलाबाळांसह येऊ लागली, कारण बाहेर खाणे प्रथमच त्यांच्या आवाक्यात आले होते. पुढे नव्या इमारतीची आखणी करताना या बंधूंनी टेनिसच्या मैदानावर खडूने स्वयंपाकघराचा पूर्ण आकाराचा नकाशा काढला आणि नोकरांना त्यात खोटाखोटा स्वयंपाक करायला लावून कोणाचे पाऊल कोठे अडते ते पाहिले. रात्री पाऊस आला आणि नकाशा धुऊन गेला. तो पुन्हा काढावा लागला. कारखान्यातील कामाची शिस्त स्वयंपाकघरात आणणारे हे डोके होते, आणि त्याचे श्रेय निःसंशय या दोघांचे आहे.

नावाची किंमत मात्र त्यांना कळली नव्हती. १९५३ मध्ये ॲरिझोनातील फीनिक्स शहरातील एका व्यावसायिकाने हजार डॉलर देऊन त्यांची पद्धत विकत घेतली आणि आपल्या दुकानालाही 'मॅकडोनाल्ड्स' हेच नाव देण्याचा मनोदय सांगितला. तेव्हा रिचर्ड यांनाच आश्चर्य वाटले. फीनिक्समध्ये आपले नाव कोणाला ठाऊक आहे, तेथे त्याचा उपयोग काय, असा त्यांचा प्रश्न होता. तयार केलेली रीत विकता येते, हे त्यांना उमगले होते. पाटीवरचे नाव हीदेखील मालमत्ता आहे, हे उमगले नव्हते.

ते ज्याला उमगले तो १९५४ मध्ये आला. रे क्रॉक हा पन्नाशी ओलांडलेला फिरता विक्रेता दूध घुसळण्याची यंत्रे विकत असे. एका यंत्रात एका वेळी पाच पेले तयार होत. अशी आठ यंत्रे एकाच लहान दुकानाने घेतल्याचे पाहून, हे चाळीस पेले एकदम पितो कोण, या कुतूहलाने तो सॅन बर्नार्डिनोत आला आणि दुपारची रांग पाहून थक्क झाला. देशभर शाखा देण्याचे हक्क त्याने भावांकडून मिळवले. करारनामा असा होता, की शाखा घेणाऱ्याने आरंभी ९५० डॉलर आणि पुढे विक्रीच्या १.९ टक्के रक्कम द्यावी. त्यातील अर्धा टक्का भावांचा आणि १.४ टक्के क्रॉकचे. समजा एखाद्या शाखेची वार्षिक विक्री दोन लाख डॉलर झाली, तर क्रॉकच्या हाती पडणार २,८०० डॉलर, आणि त्यातूनच कचेरी, प्रवास, देखरेख सारे भागवायचे. हा हिशेब जुळणारा नव्हता, हे वाणिज्य शाखेचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल.

करारनाम्यात आणखी एक कलम होते. दुकानाच्या रचनेत कोणताही बदल करायचा, तर दोन्ही भावांची लेखी संमती नोंदणीकृत टपालाने आली पाहिजे. भावांचा आराखडा कॅलिफोर्नियाच्या उष्ण हवेसाठी केलेला. शिकागोजवळच्या डे प्लेन्स गावी क्रॉकने १५ एप्रिल १९५५ रोजी दुकान उघडले, तेथे कडाक्याची थंडी. भट्टीसाठी तळघर हवे. दूरध्वनीवर भाऊ म्हणाले, करा. पत्र मात्र कधी आले नाही. त्यामुळे क्रॉक पहिल्या दिवसापासून कागदोपत्री करारभंग करीत होता. शिवाय शिकागोच्या त्याच परगण्याचे हक्क भावांनी आधीच दुसऱ्या एका कंपनीला ५,००० डॉलरला दिल्याचे निघाले. ते सोडवून घेण्यासाठी क्रॉकला २५,००० डॉलर मोजावे लागले. क्रॉकला या कथेत खलपुरुष ठरवण्याची हल्ली रीत पडली आहे. पण भावांचा हा ढिसाळपणाही वहीत नोंदला पाहिजे.

तोट्याचा हिशेब फिरवला तो हॅरी सॉनबॉर्न या क्रॉकच्या सहकाऱ्याने, आणि तो फिरवला जागेच्या जोरावर. १९५६ मध्ये त्यांनी जागा घेण्यासाठी स्वतंत्र कंपनी काढली. जागा दीर्घ मुदतीच्या भाड्याने घ्यायची, तीच शाखाधारकाला अधिक भाड्याने द्यायची, आणि ठरलेले भाडे किंवा विक्रीचा ठरावीक टक्का यांपैकी जे जास्त असेल ते वसूल करायचे. भावांच्या अर्ध्या टक्क्याशी या भाड्याचा काही संबंध नव्हता. आपल्याकडे मोक्याच्या जागेचे भाडे खाणारा मालक आणि त्या जागेत राबणारा दुकानदार वेगळे असतात, हे प्रत्येक बाजारपेठेत दिसते. सॉनबॉर्नने दोन्ही गोष्टी एका छपराखाली आणल्या.

१९६१ मध्ये भावांनी आपले सर्व हक्क आणि स्वतःचे नाव २७ लाख डॉलरला विकले. कर वजा जाता प्रत्येकाला दहा लाख डॉलर मिळावेत, असा त्यांचा हिशेब होता. क्रॉकला ही रक्कम कर्जाऊ उभारावी लागली आणि व्याजासह ती त्याला सुमारे एक कोटी चाळीस लाख डॉलरला पडली, असे त्याने पुढे आत्मचरित्रात लिहिले. सॅन बर्नार्डिनोचे मूळ दुकान मात्र भावांनी स्वतःकडे ठेवले. क्रॉक संतापला, ते दुकानही व्यवहारात येणार, असे त्याने धरले होते. पण नाव विकले गेले होते. मॅकडोनाल्ड बंधूंना मॅकडोनाल्ड्सची पाटी उतरवावी लागली आणि तेथे 'बिग एम' ही पाटी चढली. क्रॉकने जवळच नवे मॅकडोनाल्ड्स उघडले. पदार्थ तेच, हात तेच, जागा तीच. तरीही गिऱ्हाईक पाटीच्या मागे गेले, आणि काही वर्षांत 'बिग एम' बंद पडले.

विक्रीच्या वेळी अर्धा टक्का कायम देत राहण्याचे वचन हस्तांदोलनाने दिले गेले होते आणि ते पाळले गेले नाही, असे मॅकडोनाल्ड कुटुंबातील व्यक्तींनी पुढे सांगितले. कागदावर तसे काही नाही. तळघराला तोंडी संमती देऊन पत्र न धाडणाऱ्या भावांच्या वाट्याला शेवटी तोंडी वचनच आले. मॉरिस १९७१ मध्ये वारले, रिचर्ड १९९८ मध्ये. झाल्या व्यवहाराची आपल्याला खंत नाही, असे रिचर्ड यांनी उतारवयात सांगितले होते, आणि त्यावर अविश्वास ठेवण्याचे कारण नाही.

कंपनीने आपला आरंभ दीर्घकाळ १९५५ पासूनच मोजला. डे प्लेन्स येथे तिने १९८५ मध्ये पहिल्या दुकानाची प्रतिकृती संग्रहालय म्हणून उभारली होती. २०१८ मध्ये ती पाडण्यात आली. कंपनीचे संग्रहालय गेले आणि परक्याने हौसेने उभारलेले राहिले.

संग्रहालयाच्या कपाटांतील एका वस्तूपाशी शाकाहारी वाचकाने विशेष लक्ष द्यावे, ती म्हणजे फ्रेंच फ्राइजचे लाल पाकीट. १९९० पर्यंत अमेरिकेत हे बटाटे मुख्यतः गोवंशाच्या चरबीत तळले जात. हृदयविकारातून वाचलेल्या एका उद्योजकाने स्वतःच्या पैशाने वृत्तपत्रांत जाहिराती देऊन या चरबीविरुद्ध मोहीम चालवली आणि त्या वर्षी कंपनीने वनस्पती तेल वापरण्याचे जाहीर केले. असंख्य शाकाहारी कुटुंबांनी, त्यांत अमेरिकेत राहणारे आपले लोकही आले, सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु घटकांच्या यादीत 'नैसर्गिक स्वाद' असे दोन निरुपद्रवी शब्द होते आणि त्या स्वादात गोमांसाचा अंश होता. २००१ मध्ये भारतीय वंशाच्या एका वकिलाने सिएटल येथे दावा दाखल केला. ठाणे-मुंबईतही निदर्शने झाली. भारतातील फ्राइजमध्ये प्राणिजन्य घटक नसतात, असा खुलासा तेथील कंपनीने केला. २००२ मध्ये अमेरिकन कंपनीने माफी मागितली आणि शाकाहारी संघटना, हिंदू व शीख संस्था इत्यादींना मिळून एक कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. तेलाचे नाव ठळक छापले होते. स्वादाचा खुलासा कोणी विचारीपर्यंत झाला नाही.

भारतात ही कंपनी ऑक्टोबर १९९६ मध्ये आली, प्रथम दिल्लीत आणि त्याच महिन्यात मुंबईत वांद्र्याला. गोमांस आणि डुकराचे मांस दोन्ही तिने येथे वर्ज्य केले. पश्चिम भारतातील भागीदार अमित जटिया हे शाकाहारी कुटुंबातून आलेले. शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थांची स्वयंपाकाची जागा वेगळी, भांडी वेगळी, शाकाहारी विभागातील कामगारांचे एप्रन हिरवे, मेयोनीझ बिनअंड्याचे, अशी व्यवस्था झाली. सॅन बर्नार्डिनोच्या भावांनी गिऱ्हाइकाच्या निवडीला जागाच ठेवली नव्हती. सर्वांना एकच मसाला, एकच पुडके. भारतीय गिऱ्हाइकाने मात्र त्या स्वयंपाकघराचे सरळ दोन भाग करायला लावले.

त्या शाकाहारी भागातील सर्वांत खपाचे पदार्थ म्हणजे आलू टिक्कीचा बर्गर आणि फ्राइज. दोन्ही बटाट्याचे. कंदमूळ वर्ज्य करणाऱ्या श्रावकासाठी हिरवा एप्रन असो वा नसो, दुकानात घेण्याजोगे फारसे काही उरत नाही, आणि नातवंडांना ते समजावून सांगण्याचे काम आजी-आजोबांकडेच येते.