ग्राइंडर हाती घेण्यापूर्वी

लोखंडी दारे-खिडक्या बनविणाऱ्या दुकानातील एक तरुण कारागीर डोळ्यावर रुमाल धरून दवाखान्यात आला. आदल्या दिवशी ग्राइंडर चालविताना डोळ्यात कण गेला होता. शेजारच्याने रुमालाच्या टोकाने तो काढून पाहिला. रात्रभर डोळा ठणकला. तपासले तेव्हा बुबुळावर लोखंडाचा कण रुतलेला, भोवती गंजाचे कडे. गॉगल दुकानातच खुंटीला होता. "दोन मिनिटांचे काम होते," एवढेच तो म्हणाला.

चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला सुमारे ११ हजार फेरे घेते. म्हणजे तिच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटर होतो. अशा वेगाने सुटलेला कण पापणी मिटण्यापूर्वीच डोळ्यात शिरतो. नंबरचा चष्मा येथे पुरत नाही; बाजूंनी बंद असलेला गॉगलच हवा.

दुसरा धोका चकती फुटण्याचा. मोठी चकती बसावी म्हणून गार्ड काढून टाकणारे अनेकजण आहेत. सात इंची चकती कमी फेऱ्यांसाठी बनविलेली असते. चार इंची यंत्रावर ती फुटून तुकडे अंगात घुसू शकतात. चकतीवर छापलेला कमाल फेऱ्यांचा आकडा यंत्राच्या आकड्यापेक्षा कमी नसावा. चीर गेलेली, भिजलेली, मुदत संपलेली चकती वापरू नये. कापण्याच्या चकतीने घासू नये. लाकडाची दातेरी पाती ग्राइंडरला कधीही लावू नये. ती अडकली की यंत्र उसळी घेते आणि हात, मांडी किंवा मान कापली जाते.

यंत्र दोन्ही हातांनी धरावे, वस्तू शिकंजात पक्की बसवावी. चकती बदलताना प्लग काढावा. सैल बाह्या, मफलर, ओढणी नको. ठिणग्यांच्या वाटेत रंग, थिनर, पेट्रोल ठेवू नये. आवाजाने हळूहळू बहिरेपणा येतो, म्हणून कानात बोळे किंवा कानांवर मफ असावेत.

फरशी वा ग्रॅनाइट कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. वर्षानुवर्षे ती फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो. झालेली हानी भरून निघत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल ही बारीक धूळ अडवीत नाही. एन-९५ मास्क नीट बसवून वापरावा. पाणी सोडून कापावयाचे असल्यास त्यासाठीच बनविलेले यंत्र घ्यावे, नाहीतर विजेचा धक्का बसेल.

अपघात झालाच तर काय करावे? डोळा चोळू नये, सुईने वा काडीने कण काढू नये, दूध-तूप घालू नये. कण आत घुसल्याची शंका असल्यास डोळ्यावर दाब न देता कागदी पेला झाकून नेत्रतज्ज्ञांकडे जावे. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. बोट तुटल्यास ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावे व ती पिशवी बर्फात ठेवावी. बोट थेट बर्फात टाकू नये. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावे.

त्या तरुणाचा डोळा वाचला. बुबुळावर पुसट डाग मात्र राहिला. दुकानमालकांनी एक नियम करावा: गॉगल डोळ्यांवर चढल्याशिवाय ग्राइंडरचे बटण दाबायचे नाही, मग काम दोन मिनिटांचे का असेना.